आयसीयूत अँटिबायोटिकचा डोस कसा ठरवावा : नव्या रेसिडेंटसाठी

नवी बॅच आयसीयूत आली की पहिल्या आठवड्यातल्या राऊंडला मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. चार्टवरच्या 'मेरोपेनेम १ ग्रॅम टीडीएस' (दिवसातून तीनदा) या ओळीवर बोट ठेवते आणि म्हणते, "हा डोस याच पेशंटला का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "मॅडम, अ‍ॅपमध्ये असाच आहे."

उत्तर खोटं नाही. पण अ‍ॅपमधला, पुस्तकातला, खोक्यातल्या पत्रकावरचा डोस मुख्यतः धडधाकट स्वयंसेवकांवर आणि वॉर्डात उठून बसणाऱ्या पेशंटवर ठरलेला असतो. तुमच्यासमोरच्या माणसाला नॉरअ‍ॅड्रिनॅलिन (बीपी टिकवणारं औषध) चालू आहे, अंगात पाच लिटर जास्तीचं पाणी आहे, रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन १.९ आहे आणि किडनी उद्या सकाळी कुठे असेल ते आज रात्री कुणालाच सांगता येत नाही. अँटिबायोटिक कोणतं निवडावं यावर कॉलेजात भरपूर शिकवतात. किती, किती वेळात आणि किती तासांनी द्यावं हे मात्र अनेकदा रात्रीच्या ड्युटीला एकट्यानेच शिकावं लागतं. म्हणून हे लिहिते आहे. इथले सगळे आकडे प्रौढांचे आहेत. ते तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलशी ताडून पाहा आणि अडलं तर सीनियरला उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आधी शरीरात काय बदललंय ते पाहा

पहिली गोष्ट पाण्याची. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने सगळं शरीर कोलमडतं तेव्हा, केशवाहिन्या गळतात आणि आपण वरून सलाईन देतो. सुरुवातीच्या तासांतच किलोमागे ३० मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.८ लिटर, आणि ते तिथेच थांबत नाही. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, अमिकासिन, व्हॅन्कोमायसिन, कोलिस्टिन ही सगळी पाण्यात राहणारी औषधं. भांडं मोठं झालं आणि मीठ तेवढंच टाकलं तर आमटी अळणी होते, तसंच इथे होतं. लिव्होफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन पेशींच्या आत शिरतात, त्यांना या पाण्याने तितका फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट अल्ब्युमिन. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन सुमारे ९० टक्के अल्ब्युमिनला चिकटून फिरतं. अल्ब्युमिन खाली गेलं की सुटं औषध वाढतं. ते ऐकायला चांगलं वाटतं, पण सुटं झालेलं औषध ऊतींमध्ये पसरतं आणि चालत्या किडनीतून भराभर बाहेरही जातं. बारा-सोळा तासांनी रक्तात फारसं काही उरत नाही. टायकोप्लानिन आणि एर्टापेनेमचंही तसंच.

तिसरी गोष्ट किडनी. ती दोन्ही दिशांनी फसवते, म्हणून तिच्यासाठी पुढे वेगळी पायरी ठेवली आहे.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. २०१४ साली ६८ रुग्णालयांच्या आयसीयूंमध्ये बीटा-लॅक्टमच्या (पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम यांचा गट) रक्तातल्या पातळ्या मोजल्या गेल्या. संसर्गासाठी औषध चालू असलेल्या पेशंटपैकी १६ टक्क्यांत औषध दोन डोसांमधल्या निम्म्या वेळेपुरतंही जंतूला रोखणाऱ्या पातळीच्या वर राहिलं नव्हतं. या पेशंटना बरं वाटण्याची शक्यताही बाकीच्यांपेक्षा कमी होती. चार्टवर औषध चालू होतं, जंतूपाशी ते पोहोचत नव्हतं.

पायरी १ : औषधाचा स्वभाव ओळखा

ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला माचाणावर माणूस बसतो. त्याने सकाळी एकदा घसा फाडून ओरडावं आणि दिवसभर झोपावं, तर दाणे उरत नाहीत. त्याला तिथे सतत असावं लागतं, आवाज बेताचा असला तरी चालतो. बीटा-लॅक्टम गटाची औषधं अशी राखण करतात. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम यांची पातळी एमआयसीच्या (जंतूची वाढ थांबवणारी किमान पातळी) वर किती वेळ राहिली हे महत्त्वाचं. ती किती उंच गेली याला फारसं महत्त्व नाही. प्रयोगशाळेतल्या कामात कार्बापेनेमला ४० टक्के, पेनिसिलिनला ५० टक्के, सेफॅलोस्पोरिनला ६० ते ७० टक्के वेळ पुरतो असं दिसतं. गंभीर पेशंटमध्ये मात्र पूर्ण १०० टक्के वेळ गाठायचं असं धरून चाला.

अमिकासिन आणि जेंटामायसिन यांचं काम घणाच्या घावासारखं आहे. एकच घाव, पण पूर्ण ताकदीचा. रक्तातली सर्वोच्च पातळी एमआयसीच्या ८ ते १० पट गेली पाहिजे, मग पातळी खाली आली तरी परिणाम काही तास टिकतो. म्हणून दिवसाचा डोस एकदम द्यायचा. त्याचे तीन तुकडे केले तर घाव हलका पडतो आणि किडनीला मधली विश्रांती मिळत नाही.

व्हॅन्कोमायसिन आणि फ्लुरोक्विनोलोन यांच्यात २४ तासांत जंतूला एकूण किती औषध भेटलं हे मोजतात. व्हॅन्कोमायसिनकडे लेव्हलच्या ठिकाणी परत येऊ.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचे बरेच निर्णय पाठ करावे लागत नाहीत. बीटा-लॅक्टम कमी पडतंय असं वाटलं तर ते जास्त वेळा किंवा जास्त वेळ द्या. अमिकासिन कमी पडतंय असं वाटलं तर एका डोसाची मात्रा वाढवा. किडनी बिघडली तर अमिकासिनचं अंतर वाढवा, डोस कापू नका.

पायरी २ : पहिल्या डोसाला हात आखडता घेऊ नका

नव्या मुलांची सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती चांगल्या हेतूने होते. क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी) ३.२ दिसतं, मन घाबरतं आणि पहिलाच डोस निम्मा लिहिला जातो.

पहिला डोस किडनीवर ठरत नाही. टाकी भरायला किती पाणी लागेल हे टाकीच्या आकारावर ठरतं, खालचा नळ किती उघडा आहे यावर नाही. नळाचा विचार दुसऱ्या डोसापासून सुरू होतो. आणि सेप्सिसमध्ये टाकी मोठी झालेली असते. म्हणून पेशंट डायलिसिसवर असला तरी पहिला डोस पूर्णच. सेप्टिक शॉकमध्ये तो निदान होताच, एका तासाच्या आत जायला हवा. २००६ सालच्या एका अभ्यासात शॉक लागल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत अँटिबायोटिकला उशीर होणाऱ्या प्रत्येक तासामागे जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घसरलेलं दिसलं होतं. वेळेवर दिलेला निम्मा डोस हाही एका अर्थी उशीरच.

आता थोडे आकडे, ७० किलोचा पेशंट धरून.

व्हॅन्कोमायसिनचा लोडिंग (टाकी भरणारा पहिला) डोस किलोमागे २० ते ३५ मिग्रॅ, कमाल ३ ग्रॅम. ७० किलोला २५ च्या हिशेबाने १७५० मिग्रॅ. तो दर ग्रॅमला किमान एक तास या गतीने जातो, नाहीतर पेशंट लालबुंद होतो आणि बीपी पडतं. म्हणजे हे औषध संपायला पावणेदोन तास लागणार. म्हणून दोन औषधं लिहिली असतील आणि लाईन एकच असेल तर बीटा-लॅक्टम आधी द्या, व्हॅन्कोमायसिन नंतर. ही साधी गोष्ट तोंडी सांगावी लागते, कारण चार्टवर दोन्ही 'स्टॅट' (ताबडतोब) म्हणून लिहिलेली असतात आणि सिस्टर हाताला जी वायल आधी लागेल ती जोडतात.

अमिकासिन किलोमागे २५ ते ३० मिग्रॅ. अनेक ठिकाणी अजून १५ लिहितात. शॉकमधल्या पेशंटला त्याने घाव बसत नाही.

टायकोप्लानिनचे सुरुवातीचे ३ ते ५ डोस दर १२ तासांनी द्यायचे, मग रोज एक. पहिल्याच दिवसापासून रोज एक लिहिलं तर योग्य पातळी यायला कितीतरी दिवस जातात. फ्लुकोनॅझोललाही किलोमागे १२ मिग्रॅ लोडिंग लागतं, ते तर सर्रास विसरलं जातं.

कोलिस्टिनवर थोडं थांबते. आपल्या आयसीयूंमध्ये ते फार वापरावं लागतं आणि त्याच्या एककांचा घोळ जीवघेणा आहे. बाटलीत कोलिस्टिन नसतं, कोलिस्टिमिथेट असतं. त्याचं शरीरात सावकाश कोलिस्टिन बनतं आणि बनण्याआधीच बरंचसं लघवीतून निघून जातं. लोडिंगशिवाय सुरू केलं तर पहिला दीड-दोन दिवस पेशंटला जवळपास काहीच मिळत नाही. आपल्याकडे वायलवर 'दशलक्ष युनिट' लिहिलेलं असतं. अमेरिकी लेखांत 'कोलिस्टिन बेसचे मिग्रॅ' असतात. १० लाख युनिट म्हणजे कोलिस्टिमिथेटचे ८० मिग्रॅ, पण बेसचे सुमारे ३३ मिग्रॅच. लोडिंग डोस ९० लाख युनिट, म्हणजेच बेसचे ३०० मिग्रॅ. मी शिकत असताना एका रुग्णालयात कुणीतरी लेखातलं '३०० मिग्रॅ' वाचून वायलवरच्या कोलिस्टिमिथेटच्या मिग्रॅप्रमाणे औषध भरलं. झाले साडेसदतीस लाख युनिट, निम्म्याहून कमी. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोन्ही कागदांवर ३००च लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी कोलिस्टिन नेहमी अक्षरी लिहिते : 'नव्वद लाख युनिट'. तुम्हीही तसंच लिहा. मेंटेनन्स (लोडिंगनंतरचा नेहमीचा डोस) किडनीप्रमाणे ठरतो. किडनी चांगली असेल तर दिवसाला ९० लाख ते एक कोटी नऊ लाख युनिट, दोन भागांत.

पॉलिमिक्सिन बी सोपं आहे. ते थेट काम करतं आणि किडनीसाठी त्याचा डोस कमी करायचा नसतो. किलोमागे २०,००० ते २५,००० युनिट लोडिंग, ७० किलोला १४ ते साडेसतरा लाख, म्हणजे ५ लाखांच्या तीन वायल. मग किलोमागे १२,५०० ते १५,००० दर १२ तासांनी. संसर्ग मूत्रमार्गाचा असेल तर मात्र कोलिस्टिन बरं, कारण पॉलिमिक्सिन बी लघवीत फारसं उतरत नाही.

आणि वजन. सगळे डोस किलोमागे लिहिले, पण किलो किती? नातेवाईक म्हणतात, "असेल पन्नास-पंचावन्न," आणि तेच तीन आठवडे चार्टवर राहतं. वजन करणारा बेड असेल तर भरतीच्या वेळचं वजन घ्या. नसेल तर टेपने उंची मोजून निदान आदर्श वजन काढा. स्थूल पेशंटला अमिकासिन देताना आदर्श वजनात जास्तीच्या वजनाचा ४० टक्के भाग मिळवून हिशेब करा.

पायरी ३ : क्रिएटिनिन वाचायला शिका

क्रिएटिनिन म्हणजे कालची बातमी. काल १ होतं, आज ३ आहे आणि लघवी बंद आहे, तर किडनीची गाळणी या क्षणी शून्याजवळ आहे. क्रिएटिनिनवरून गाळणी काढायच्या सूत्रात ३ टाकून काहीतरी वेगळाच आकडा येईल. उलट बाजूनेही हेच. ३ वरून २.४ झालं आणि ताशी ८० मिली लघवी येतेय, तर किडनी सूत्र सांगतंय त्यापेक्षा पुष्कळ पुढे गेली आहे. चढत्या-उतरत्या क्रिएटिनिनवर सूत्रापेक्षा युरिन बॅगवर विश्वास ठेवा.

संसर्ग घेऊन आलेल्या ज्या पेशंटची किडनी भरतीच्या वेळी बिघडलेली असते, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची ४८ तासांत सुधारते. आपण पहिल्या रात्री डोस कापतो, तिसऱ्या दिवशी किडनी पळायला लागते आणि डोस मात्र कापलेलाच राहतो. म्हणून माझा शिरस्ता असा : मेरोपेनेम, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन यांसारख्या सुरक्षित औषधांचा डोस पहिले ४८ तास किडनीसाठी कमी करत नाही. जुना किडनीचा आजार असेल किंवा लघवी पूर्ण बंद असेल तर वेगळा विचार करते. आणि ही सवलत व्हॅन्कोमायसिन, अमिकासिन, कोलिस्टिनच्या मेंटेनन्सला नाही. सेफेपिमलाही नाही, त्याचं कारण पुढे येईल.

आता दुसरी दिशा. ही सहसा कुणी शिकवत नाही.

एक चोवीस वर्षांचा मुलगा होता. बाईकचा अपघात, डोक्याला मार, नवव्या दिवशी व्हेंटिलेटरवर न्युमोनिया. स्यूडोमोनास हा जंतू आला, रिपोर्टमध्ये पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम 'सेन्सिटिव्ह'. साडेचार ग्रॅम टीडीएस, अर्ध्या तासात. चार दिवस झाले तरी ताप हटेना, स्राव घट्टच. क्रिएटिनिन ०.५. सगळ्यांना ते छान वाटत होतं. लॅबच्या कागदावर गाळणीचा दर '९० पेक्षा जास्त' असा छापलेला, त्यामुळे तिकडे कुणी पुन्हा पाहिलं नाही. राऊंडला कोलिस्टिन सुरू करायचं बोलणं चाललं होतं. त्याआधी आम्ही आठ तासांची लघवी गोळा केली.

रीत अशी. सकाळी सहाला मामांना सांगून युरिन बॅग पूर्ण रिकामी करायची, दुपारी दोनपर्यंतची सगळी लघवी जमा करायची, नीट ढवळून त्यातला थोडा नमुना क्रिएटिनिनला पाठवायचा. त्याच काळात रक्ताचं क्रिएटिनिन घ्यायचं. त्याची लघवी भरली १२०० मिली, म्हणजे मिनिटाला अडीच मिली. लघवीतलं क्रिएटिनिन ४०, रक्तातलं ०.५. चाळीस गुणिले अडीच, भागिले अर्धा : २००. मिनिटाला २०० मिली! गाळणी १३०च्या वर गेली की तिला आपण वाढलेली म्हणतो. त्या मुलाची किडनी औषध देताक्षणी उपसून टाकत होती. डोस दर सहा तासांनी केला, प्रत्येक डोस चार तास चालवला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणते. पण कोलिस्टिन टळलं.

अशी पळणारी किडनी तरुण, अपघातातले, डोक्याला मार लागलेले, भाजलेले यांच्यात हमखास दिसते. पन्नाशीच्या आतला पेशंट, क्रिएटिनिन ०.७च्या खाली, लघवी भरपूर, अशा वेळी आठ तासांची लघवी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. खर्च नगण्य आहे.

पायरी ४ : औषध नळीत अडकू देऊ नका

लिहिलेला डोस आणि रक्तात गेलेला डोस यांच्यात सुमारे दीड मीटरची नळी असते.

पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम १०० मिलीत बनवलं. बाटली संपली, पंप वाजला, सेट काढून कचऱ्यात. त्या सेटमध्ये १५ ते २० मिली द्रव राहतो. म्हणजे डोसाचा पाचवा-सहावा हिस्सा प्रत्येक वेळी लाल पिशवीत जातो, आणि ५० मिलीत बनवलं असेल तर त्याहून मोठा. उपाय साधा आहे : बाटली संपली की त्याच सेटमधून, त्याच गतीने २०-२५ मिली सलाईन सोडायचं. किंवा सिरिंज पंपाने द्यायचं, त्याच्या बारीक नळीत फार थोडं राहतं. ऑर्डरमध्येच 'नंतर सलाईन फ्लश' लिहा, कारण सिस्टरांकडे सहा बेड असतात आणि न लिहिलेली गोष्ट लक्षात ठेवायची जबाबदारी त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही.

आता सावकाश देण्याबद्दल. राखणीचा मुद्दा आठवा. मेरोपेनेम अर्ध्या तासाऐवजी ३ तास, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ४ तास चालवलं की तेवढ्याच औषधात पातळी जास्त वेळ वर राहते. याचा पुरावा सरळ नाही, तो जसा आहे तसा सांगते. २०२४ मध्ये 'ब्लिंग ३' या चाचणीचे निकाल आले. सात देशांतले १०४ आयसीयू, सात हजारांवर पेशंट, हीच दोन औषधं, सतत विरुद्ध थांबून थांबून. ९० दिवसांतले मृत्यू २४.९ टक्के विरुद्ध २६.८ टक्के, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण संसर्ग बरा होण्याचं प्रमाण सतत देण्याच्या गटात स्पष्टपणे जास्त होतं. आणि त्याच वेळी १८ चाचण्यांमधल्या ९,१०८ पेशंटची माहिती एकत्र केली तेव्हा मृत्यूही कमी दिसले. औषध तेच, किंमत तीच, लागतो फक्त पंप. मी सावकाशच देते.

पहिला डोस मात्र नेहमीसारखा अर्ध्या तासात आणि त्याच्या लगेच पाठोपाठ सावकाश ड्रिप. हे विसरलं तर पातळी वर चढायलाच तास जातात.

पंप नसेल तर? १०० मिली तीन तासांत म्हणजे ताशी ३३ मिली. मायक्रोड्रिप सेटवर मिनिटाला ३३ थेंब. मिलीला २० थेंबांच्या साध्या सेटवर मिनिटाला ११. बेडजवळ उभं राहून घड्याळ लावून मोजा, आणि पेशंटची कूस बदलल्यावर पुन्हा मोजा.

दोन खबरदाऱ्या. मेरोपेनेम विरघळवल्यावर खोलीच्या तापमानात काही तासांतच कमजोर होतं, डेक्स्ट्रोजमध्ये आणखी लवकर. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या आयसीयूत ते २४ तासांचं एकदम बनवून ठेवू नका. तीन तासांची ड्रिप ठीक आहे. आणि सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन व रिंगर लॅक्टेट एका लाईनमधून एकत्र सोडू नका, रिंगरमधल्या कॅल्शियमशी त्याचा साका बनतो.

पायरी ५ : रिपोर्टवरचे आकडे

एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारी किमान पातळी. दोन औषधांच्या एमआयसीची आपसात तुलना करू नका. मेरोपेनेमला १ आणि अमिकासिनला ४ असेल, म्हणून मेरोपेनेम चारपट चांगलं असं होत नाही. प्रत्येकाची मर्यादा वेगळी. शिवाय यंत्राने दिलेला १ हा खरा ०.५ किंवा २ असू शकतो, एवढी चूक त्या पद्धतीत धरलेलीच असते. एमआयसी मर्यादेच्या काठावर असेल तर 'सेन्सिटिव्ह' शब्दावर विसंबू नका, डोस आणि वेळ दोन्ही सढळ ठेवा. कोलिस्टिनपुढे 'सेन्सिटिव्ह' लिहून आलं तर लॅबला फोन करा. लॅबचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सीएलएसआयने २०२० पासून कोलिस्टिनसाठी तो वर्गच काढून टाकला आहे.

डोस वाढवून सगळं जिंकता येत नाही हेही स्वीकारा. आपल्याकडे एनडीएम (मेरोपेनेमसारखी औषधं फोडणारं एन्झाइम) बनवणारे क्लेबसिएला जंतू रोजचे झालेत. मेरोपेनेमचा एमआयसी ३२ असेल तर २ ग्रॅम टीडीएस तीन तास चालवूनही पोहोचता येणार नाही. तिथे औषध बदलायचं. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम ही जोडी द्याल तेव्हा दोन्ही एकाच वेळी चालवा. अ‍ॅव्हिबॅक्टम अ‍ॅझट्रिओनामची पाठराखण करतं, त्यामुळे एक सकाळी आणि एक दुपारी देण्यात अर्थ नाही.

संसर्ग कुठे आहे तेही पाहा. डॅप्टोमायसिन फुप्फुसातल्या सरफॅक्टंटने निकामी होतं, न्युमोनियाला देऊ नका. टायजेसायक्लिन रक्तात कमी राहतं, जंतू रक्तात असतील तर त्या एकट्यावर भरवसा नको.

डायलिसिस चालू असेल तर

थोडक्यात सांगते, कारण हे मशीनवर, फिल्टरवर आणि तासांवर अवलंबून आहे. आपल्याकडे सहा-आठ तासांचं सावकाश डायलिसिस, म्हणजे स्लेड, जास्त चालतं. मेरोपेनेम आणि पिपरॅसिलिन त्यात चांगलीच निघून जातात. डायलिसिस दुपारी दोनला सुरू होणार आणि मेरोपेनेमचा डोस दीडला दिला, तर तो थेट मशीनला दिला. डायलिसिस टेक्निशियनकडून वेळ आधी विचारून घ्या, डोस डायलिसिस संपल्यावर पडेल असं वेळापत्रक बसवा, किंवा संपल्यावर जादा डोस द्या. आणि मशीन क्लॉट होऊन तासाभरात बंद पडलं तर हिशेब बदलतो, ते चार्टवर लिहा.

लेव्हल कधी आणि कशी

मोठ्या शहरांत व्हॅन्कोमायसिनची लेव्हल मिळते. पूर्वी ट्रफ (पुढच्या डोसाआधीची सर्वांत खालची पातळी) १५ ते २० ठेवायचो, २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते सोडलं, कारण त्यात किडनीला इजा वाढत होती. आता २४ तासांचा एयूसी (दिवसभरात जंतूला भेटलेलं एकूण औषध) ४०० ते ६०० ठेवायचा. त्यासाठी दोन नमुने लागतात : ड्रिप संपल्यावर एक-दोन तासांनी एक आणि पुढच्या डोसाच्या अगदी आधी एक. नमुना ज्या लाईनमधून औषध जातंय तिच्यातून घेऊ नका, आणि नळीवर प्रत्यक्ष घेतल्याची वेळ लिहा. 'सकाळचं सॅम्पल' असं लिहून आलेल्या लेव्हलमधून काहीच काढता येत नाही.

अमिकासिनची सर्वोच्च पातळी अर्ध्या तासाची ड्रिप संपल्यावर ३० मिनिटांनी घ्या, ६० ते ८० मिग्रॅ प्रति लिटर अपेक्षित. व्होरिकोनॅझोल माणसागणिक इतकं बदलतं की लेव्हलशिवाय वापरणं जोखमीचं. बीटा-लॅक्टमच्या लेव्हल बहुतेक ठिकाणी होत नाहीत. तिथे आठ तासांची लघवी, सावकाश ड्रिप आणि रोजची तपासणी हीच आपली साधनं, आणि ती कमी नाहीत.

जास्त झालं तर ओळखा

पेशंट दोन दिवसांपूर्वी डोळे उघडत होता, आज गुंगीत आहे, हाताला झटके येतायत, सीटी नॉर्मल. चार्टवर सेफेपिम आहे का आणि क्रिएटिनिन वाढलंय का पाहा. सेफेपिम साठलं की मेंदूवर परिणाम होतो, आणि आयसीयूत ते सेप्सिस किंवा सेडेशनच्या खाती सहज टाकलं जातं. ईईजी मागवा, औषध थांबवा. फिट्ससाठी व्हॅलप्रोएट चालू असलेल्या पेशंटला मेरोपेनेम सुरू केलं तर व्हॅलप्रोएटची पातळी दिवसाभरात कोसळते, त्याचा डोस वाढवूनही सावरत नाही. फिट्सचं दुसरं औषध आधीच जोडा. लिनेझोलिडवर प्लेटलेट पाहत राहा, किडनी बिघडलेली असेल तर जास्तच.

रोजच्या राऊंडला

डोस एकदा लिहून विसरायचा नसतो. पहिल्या दिवशी सढळ हात, तिसऱ्या दिवसापासून रोज नवा हिशेब. कालपासून लघवी किती, क्रिएटिनिन कोणत्या दिशेने, पाण्याचा शिल्लक हिशेब किती, डायलिसिस झालं का, रिपोर्ट आला का. यातलं एक जरी बदललं तर डोस पुन्हा तपासा. सूज उतरली, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बंद झालं, तर कालची मोठी टाकी आज लहान झाली आहे.

थांबवायची तारीखही पहिल्याच दिवशी पेन्सिलने लिहा. रक्तातल्या संसर्गावर ३,६०८ पेशंटच्या 'बॅलन्स' चाचणीत ७ दिवसांचा उपचार १४ दिवसांपेक्षा कमी ठरला नाही. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे पेशंट घेतलेले नव्हते, त्यांना जास्त दिवस लागतात. पण इतर अनेकांना आपण नुसत्या भीतीपोटी चौदा दिवस देत राहतो.

आणि शिफ्ट बदलताना 'मेरोपेनेमवर आहे' एवढंच सांगू नका. किती, किती तासांत, पुढचा डोस किती वाजता आणि शेवटचा खरोखर किती वाजता सुरू झाला, हे सांगा. दुपारी दोनला पेशंट सीटीला गेलेला असतो, तिकडे लिफ्टसाठी वाट पाहावी लागते, परत येतो तेव्हा साडेचार वाजलेले असतात आणि ट्रेवर दोनची भरलेली सिरिंज तशीच पडलेली असते. सिस्टर विचारतील, "डॉक्टर, आता देऊ की सहाला?" आता द्या, आणि पुढची वेळ तिथेच बदलून लिहा.